राखून ठेवलेल्या पेशी

सातारा, १४ डिसेंबर

चि. ईरा,


तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. मोठ्या माणसाच्या मेंदूतही मूळपेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक सुप्त असतात, हे तुला वर्गात कळलं आणि लगेच तू विचारलंस, ‘आत्या, या सगळ्या पेशी एकदम जाग्या केल्या तर आजी पुन्हा आपल्याला नावानं हाक मारेल का?’

नाही मारणार, बाळा. हे आधीच सांगते, कारण आशा लावून मग ती हळूहळू काढून घेणं मला जमणार नाही. ती माझी आई आहे. तुझ्याइतकीच मलाही ही आशा हवीशी वाटते. पण का नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. या पेशी सुप्त आहेत म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं तू धरून चालली आहेस. प्रत्यक्षात मेंदू त्यांना रोज, मेहनतीनं, अनेक बाजूंनी सुप्त ठेवत असतो, आणि त्यामुळेच त्या म्हातारपणापर्यंत थोड्याफार शिल्लक राहतात.

इतिहास थोडक्यात सांगते. चेतापेशींची रचना ज्यांनी जगाला दाखवली त्या स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं, की प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे नवी चेतापेशी येत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतही तेच होतं. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या जोसेफ आल्टमन यांनी एक साधी युक्ती वापरली. विभागणारी पेशी डीएनएची नवी प्रत करते आणि त्यासाठी थायमिडीन घेते. त्यांनी किरणोत्सारी थायमिडीन टोचलं आणि प्रौढ प्राण्यांच्या मेंदूत ते कुठे सापडतं ते पाहिलं. १९६५ मध्ये त्यांनी आणि गोपाल दास यांनी मोठ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात त्या भागात, जन्मानंतरही चेतापेशी तयार होतात असं दाखवलं. वीसेक वर्षं फार कुणी त्याकडे पाहिलं नाही. पुरावा समोर होता आणि मोठ्या माणसाच्या शब्दाखाली तो दबून गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे फर्नांदो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दाखवल्या. मग १९९२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीला ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून पेशी काढून बशीत वाढवल्या आणि त्यांच्यापासून चेतापेशी घडवल्या. तेव्हा कुठे मूळपेशी आहेत हे मान्य झालं.

उंदरात त्या मुख्यतः दोन ठिकाणी असतात. एक हिप्पोकॅम्पस, आणि दुसरं मेंदूच्या आतल्या द्रवानं भरलेल्या पोकळीची कड. कडेवर जन्मलेल्या पेशी रांगेनं पुढे सरकत वास ओळखणाऱ्या भागापर्यंत जातात. पण यातली नेमकी मूळपेशी कोणती, यावर बरीच वर्षं वाद होता, आणि तो ज्या प्रयोगानं मिटला तो मला फार आवडतो. १९९९ मध्ये फियोना डोएट्श, होसे मॅन्युएल गार्सिया-वेर्दुगो आणि आर्तुरो आल्वारेझ-बुइया यांनी विभागणाऱ्या पेशींना मारणारं एक औषध उंदरांच्या मेंदूवर सहा दिवस सोडलं. त्या भागातल्या भराभर विभागणाऱ्या सगळ्या पेशी आणि तरुण चेतापेशी नष्ट झाल्या. औषध थांबवल्यावर दोन दिवसांत भराभर विभागणाऱ्या पूर्वपेशी पुन्हा दिसल्या, साडेचार दिवसांनी तरुण चेतापेशी आल्या आणि दहा दिवसांत त्यांची पूर्वीसारखी रांग लागली. हे सगळं उभं केलं कुणी? ज्या पेशी त्या सहा दिवसांत विभागतच नव्हत्या, आणि म्हणून औषधाच्या तावडीत सापडल्या नाहीत, त्यांनी. दिसायला त्या अगदी साध्या आधारपेशींसारख्या, तारकाकार ग्लियासारख्या होत्या. इतकी वर्षं त्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होत्या!

या पेशी केव्हा बाजूला काढल्या जातात, हे २०१५ मध्ये कळलं. उंदराचं पिल्लू अजून पोटात असताना, मेंदू घडण्याची धांदल चालू असतानाच, काही पूर्वपेशी आपली विभागणी मंद करतात. त्याच पुढे प्रौढपणीच्या मूळपेशी होतात. म्हणजे म्हातारपणाची तरतूद जन्माआधीच झालेली असते.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. या पेशींना थांबवून कोण ठेवतं?

एक उत्तर ‘नॉच’ हे आहे. नॉच हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. शेजारच्या पेशीवरच्या प्रथिनाशी त्याची गाठ पडली की त्याचा आतला तुकडा सुटतो, केंद्रकात जातो आणि विभागणीच्या वाटेवरची जनुकं दाबून धरतो. म्हणजे शेजारी जागेवर आहेत तोवर मूळपेशी शांत. जपानमध्ये क्योतोच्या र्‍योइचिरो कागेयामा यांच्या गटानं २०१० मध्ये प्रौढ उंदरांच्या मूळपेशींमधली ही यंत्रणाच तोडून पाहिली. ईरा, तू सुचवतेस तोच हा प्रयोग! सगळ्या पेशी जाग्या झाल्या. नव्या चेतापेशींचं उत्पादन वाढलं. आणि तीन महिन्यांत ते पूर्ण थांबलं, कारण मूळपेशीच उरल्या नाहीत. सगळ्या एकदम कामाला लागल्या आणि संपून गेल्या.

आपल्या गावाकडे तुझी पणजी पेरणीचं बियाणं कणगीत वेगळं ठेवायची. राखेत घोळायची, कडुनिंबाचा पाला घालायची, मधूनमधून उन्हाला काढायची, आणि घरात कितीही चणचण असली तरी त्याला हात लावू द्यायची नाही. मूळपेशींचंही तसंच आहे: त्या नुसत्या पडून राहिलेल्या नसतात, त्यांना राखावं लागतं.

आणि राखणारा नॉच एकटा नाही. बीएमपी नावाची प्रथिनं बाहेरून सतत थांबण्याचा संदेश देत असतात. हिप्पोकॅम्पसमधल्या काही चेतापेशी गाबा हे रसायन झिरपवतात. त्या सक्रिय असताना मूळपेशी शांत राहतात आणि त्या मंदावल्या की मूळपेशी विभागू लागतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१२ मध्ये दाखवलं. मला यात विशेष वाटतं ते असं, की आसपासच्या जाळ्यात किती हालचाल आहे याची खबर मूळपेशीला थेट मिळत असते.

पेशीच्या आतही रस्सीखेच चालूच असते. विभागणीकडे ढकलणारं एक प्रथिन आहे, एएससीएल-१. सुप्त पेशीही ते बनवायला सुरुवात करते, पण ते साठू देत नाही. आणखी एक नोंद घेण्यासारखी गोष्ट लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या फ्रांस्वा गिल्मो यांच्या गटानं २०१६ मध्ये सांगितली. जागी झालेली मूळपेशी कधीकधी परत सुप्त होते. त्यासाठी ह्यूवे-१ नावाचं प्रथिन एएससीएल-१ वर खूण करतं आणि पेशी त्याचा नाश करते. हे ह्यूवे-१ काढून टाकलं तर पेशी माघारी फिरू शकत नाहीत आणि साठा आटत जातो. जागं होणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वेळेवर पुन्हा थांबता येणंही.

हे सगळं सगळ्यात स्वच्छ कुठे दिसतं माहीत आहे? पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटात, म्हणजे फळमाशीत. माझा जीव या माशीवर आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळते. अंड्यातल्या वाढीच्या शेवटी फळमाशीच्या बहुतेक चेता-मूळपेशी आकसतात आणि थांबतात. मग अळी बाहेर येते आणि खायला लागते. खाल्ल्यानंतर साधारण दिवसभरात त्या पेशी फुगू लागतात आणि पुन्हा विभागतात. नुकत्याच बाहेर आलेल्या अळीला फक्त साखरेचं पाणी दिलं तर ती जगते, पण मूळपेशी सुप्तच राहतात. त्यांना हवी असतात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचा आहार. जेफ्री ब्रिटन आणि ब्रूस एडगर यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं तेव्हा प्रश्न असा पडला, की पोटात काय गेलं हे मेंदूतल्या पेशीला कळतं कसं?

उत्तर यायला बारा-तेरा वर्षं गेली. आंद्रेया ब्रँड यांच्या केंब्रिजमधल्या आणि अ‍ॅलेक्स गुल्ड यांच्या लंडनमधल्या गटांनी २०१० आणि २०११ मध्ये ही साखळी उलगडली. अमिनो आम्लांची चाहूल आधी अळीच्या चरबीच्या अवयवाला लागते. तो मेंदूकडे संदेश धाडतो. मेंदूला वेढून असलेल्या ग्लिया पेशी तो घेतात आणि इन्सुलिनसारखं प्रथिन सोडतात, अगदी जवळच्या जवळ. ते मूळपेशीला मिळालं की ती वाढू लागते. अळीच्या शरीरात इन्सुलिनचा दुसरा स्रोत आहे, पण या कामासाठी लागतं ते शेजारच्या ग्लियाचंच. म्हणजे बाहेर सुकाळ आहे याची खात्री होईपर्यंत मूळपेशीला हलू दिलं जात नाही. मात्र स्मरणाशी निगडित असलेल्या ‘मशरूम बॉडी’ या भागाच्या मूळपेशी याला अपवाद आहेत. त्या थांबतच नाहीत, अळी उपाशी असली तरी.

२०१८ मध्ये ब्रँड आणि लिओ ओत्सुकी यांनी आणखी एक गंमत दाखवली. आपण समजतो की सुप्त पेशी डीएनएची प्रत करण्याआधीच थांबते. फळमाशीत सुमारे तीन चतुर्थांश पेशी प्रत करून झाल्यावर, विभागणीच्या अगदी उंबरठ्यावर थांबलेल्या असतात, आणि अन्न मिळाल्यावर त्याच आधी जाग्या होतात. तेव्हा सुप्तावस्था ही एकाच प्रकारची नसते. उंदरातही ती कमी-जास्त गाढ असते, आणि वय वाढेल तशी अधिक गाढ होत जाते.

वयाचा विषय निघालाच आहे तर सुप्त पेशीच्या पोटात काय असतं तेही सांगते. स्टॅनफर्डच्या अ‍ॅन ब्रुने यांच्या गटानं २०१८ मध्ये पाहिलं, की सुप्त मूळपेशींमध्ये मोठमोठे लायसोसोम असतात, म्हणजे जुनी प्रथिनं पचवणाऱ्या पिशव्या, आणि त्यांत गुठळ्या झालेली प्रथिनं साठलेली असतात. जागं व्हायचं तर आधी हे साफ करावं लागतं. म्हाताऱ्या उंदरांत ही सफाई नीट होत नाही आणि पेशी जाग्या होण्यात कमी पडतात. लायसोसोमचं काम सुधारलं तर त्यांची क्षमता काही अंशी परत येते. याच गटानं २०२४ मध्ये एकेक जनुक बंद करत तपासलं, तेव्हा पेशीत ग्लुकोज आत घेणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक समोर आलं. ते बंद केल्यावर म्हाताऱ्या उंदरांतल्या मूळपेशी जास्त जाग्या झाल्या आणि नव्या चेतापेशी वाढल्या. हे संशोधन आशादायक आहे, हे मी मनापासून म्हणते. पण ते उंदरांतलं आहे, आणि कागेयामांच्या प्रयोगाची आठवण ठेवूनच ते वाचायला हवं.

शरीर स्वतः या पेशी जाग्या करतं तेव्हा त्या सरसकट जाग्या होत नाहीत. गरज असेल तेवढ्याच आणि तिथल्याच होतात. डोएट्श यांच्या बाझेलमधल्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींचे धागे पोकळीच्या कडेवरच्या ठराविक मूळपेशींपर्यंत पोचतात. उपास पडला की या मूळपेशी मंदावतात, खाणं मिळालं की पुन्हा सुरू होतात. २०२३ मध्ये त्यांनी त्याहून विलक्षण गोष्ट सांगितली. गाभण उंदरीच्या मेंदूत एरवी सुप्त असलेल्या काही मूळपेशी जाग्या होतात, वासाच्या केंद्रात नव्या चेतापेशी पाठवतात, आणि त्यांच्या मदतीनं आई आपली पिल्लं ओळखते. पिल्लं स्वतंत्र झाली की त्या चेतापेशी नाहीशा होतात. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

व्यायामाचंही तू विचारलंस. चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात, हे कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये १९९९ मध्ये दिसलं. व्यायामासारखाच मेंदूतल्या रसायनांचाही यावर परिणाम होतो: आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, विदिता वैद्य यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं की नॉरएड्रेनलीन हे रसायन कमी केलं तर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पूर्वपेशींचं विभाजन घटतं. हा विषय शिकायला परदेशीच जावं लागतं असं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माणसाचं काय? १९९८ मध्ये स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि सॉल्कचे फ्रेड गेज यांनी कर्करोगाच्या पाच रुग्णांच्या मेंदूचा मृत्यूनंतर अभ्यास केला. निदानासाठी त्यांना विभागणाऱ्या पेशींवर खूण करणारं रसायन दिलेलं होतं, आणि ती खूण हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींत सापडली. मग २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं अणुस्फोटांचा आधार घेतला. १९६३ च्या चाचणीबंदी करारापर्यंत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ खूप वाढला होता आणि नंतर तो उतरत गेला. झाडांतून, अन्नातून तो आपल्या डीएनएत येतो, त्यामुळे त्या प्रमाणावरून पेशी कोणत्या काळात जन्मली ते काढता येतं. त्यांचा अंदाज असा, की प्रौढ माणसाच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशी येतात. २०१८ मध्ये मात्र आल्वारेझ-बुइया यांच्याच गटानं सांगितलं, की मुलांत हे प्रमाण झपाट्यानं घसरतं आणि प्रौढांत नव्या चेतापेशी सापडत नाहीत. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या गटाला ७९ वर्षांच्या माणसापर्यंत त्या सापडल्या. मृत्यूनंतर ऊतक किती लवकर आणि कसं टिकवलं यावर बरंच अवलंबून असतं. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटानं एकेका केंद्रकातली सक्रिय जनुकं वाचून प्रौढांतही विभागणाऱ्या पूर्वपेशी दाखवल्या. काही माणसांत जास्त, काहींत जवळजवळ नाहीत. माझं मत विचारशील तर: आहेत, पण थोड्या.

आता आजीबद्दल. तिच्या आजारात चेतापेशी आणि त्यांचे परस्परांतले दुवे मेंदूच्या मोठ्या भागातून जात आहेत. हिप्पोकॅम्पसच्या एका पट्टीत काही शे पेशी जास्त आल्या, तरी तिच्या साठ-सत्तर वर्षांच्या दुव्यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत. शिवाय आवर सुटलेली विभागणी ही फार गंभीर गोष्ट आहे. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा घातक कर्करोग. कोरियातल्या संशोधकांना २०१८ मध्ये त्याला कारण ठरणारे जनुकीय बदल बऱ्याच रुग्णांत पोकळीच्या याच कडेवरच्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या ऊतकात सापडले. शरीरानं या पेशींवर इतके बंध घातलेत, त्याला कारण आहे.

तुझ्या मेसेजच्या शेवटी त्या क्लिनिकच्या जाहिरातीचा फोटो होता. ‘मूळपेशींच्या इंजेक्शननं स्मरणशक्ती परत’ असं त्यावर लिहिलंय, आणि बाबा पैशांची जुळवाजुळव करतायत असं तू लिहिलंस. अशा ठिकाणी बहुतेक वेळा हाडांच्या मगजातून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी टोचतात. त्या चेतापेशी होऊन आठवणी परत आणतात याला पुरावा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागतायत, तिथेच काय ते समज.

दादाचा, तुझ्या बाबांचा, जीव आईसाठी तुटतोय, हे मला कळतं. त्याला रागावू नकोस. हे पत्र त्याला वाचायला दे आणि शनिवारी तो आगाऊ रक्कम भरणार आहे ती भरू देऊ नकोस. त्या पैशांतून आईसाठी दिवसभराची एक चांगली बाई ठेवू. निम्मा खर्च मी देते. रविवारी मी पुण्याला येते आहे, तेव्हा तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना आपण तिघं मिळून भेटू.

तुझी,
सुधाआत्या